सावडीनं वाचलेली कादंबरी

बारावीपर्यंत मी दौंडला होते. रेल्वे कॉलनीच्या जवळच्या इंग्रजी शाळेत आम्हाला वर्गात मराठी बोलायची बंदी होती आणि घरी इंग्रजी कुणाला येत नव्हतं, त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. वडील वीज मंडळात होते. त्यांची शिरूरला बदली झाली आणि मी तिथल्या कॉलेजात कला शाखेत इंग्रजी विषय घेऊन दाखल झाले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्गात माझं नाव पहिल्याच आठवड्यात ‘कॉन्व्हेंट’ पडलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. त्यात टोमणाही होता आणि मानही, दोन्ही निम्मे निम्मे.

इंग्रजी विषय घेतलेली आमची तुकडी लहान होती. बरीचशी मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं किंवा सायकलवर येत. इंग्रजी घेतलं की शिक्षक म्हणून चिकटता येतं, असं त्यांच्या घरी कुणीतरी सांगितलेलं होतं. पुस्तकं वाचावी लागतात, हे सांगायचं राहून गेलेलं होतं.

ते सांगायचं काम आमच्या सरांनी अंगावर घेतलं होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवरून येत आणि दर तासाची पहिली दहा मिनिटं जबाबदारीवर बोलत. “नेमलेलं पुस्तक मुळातून वाचणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. शिक्षक फक्त वाट दाखवतो. चालायचं तुम्ही.” हे झालं की ते खिशातून घडी घातलेले कागद काढत आणि गाईडातल्या नोट्स सांगायला लागत. आम्ही लिहून घेत असू. स्वल्पविरामसुद्धा ते सांगत. वाट अशी स्वल्पविरामांसकट दाखवली जात असल्यामुळे चालायची गरज कुणाला पडत नसे.

दुसऱ्या वर्षी मात्र घोटाळा झाला. विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला आणि एक नवीनच कादंबरी नेमली. तिचं गाईड निघालेलं नव्हतं. बाजारपेठेतल्या पुस्तकवाल्यानं हात वर केले. “पुस्तक पुण्यातनं मागवून देतो, पण गाईड न्हाई अजून. थांबा दिवाळीपर्यंत.” दिवाळी झाली. गाईड आलं नाही. सरांच्या खिशातून कागद निघेनात. जबाबदारीवरचं बोलणं दहा मिनिटांवरून पूर्ण तासावर गेलं. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की जानेवारीत या कादंबरीवर चाचणी होईल आणि चाचणीत जो नापास होईल त्याला ते वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत.

माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण त्या दिवशी डबा न खाता बसून राहिली. ती इनामगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरून यायची. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. जमीन, घर, नदीवरची मोटर, सगळं तिचे चुलते बघत. त्यांना घरातले आणि गावातले सगळेच आप्पा म्हणत. आप्पा सोसायटीचे चेअरमन होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि मैत्रिणीच्या शिक्षणाबद्दल त्यांनी एकच शब्द दिलेला होता.

“पास होत ऱ्हायली तोवर शिकंल,” ती म्हणाली. “नापास झाली की बास. भांडगावचं स्थळ आलंय. लोकं दोन खेपा येऊन गेली. आप्पांनी त्यांना सांगितलंय, उन्हाळ्यात बघू. म्हंजी मी नापास व्हायची वाट बघायलेत सगळे.”

“मुलगा कसा आहे?” मी विचारलं.

“मुलगा न्हाई बघितला. ट्रॅक्टर चांगलाय म्हणतात.” मग तिनं विचारलं, “तू दौंडची, भांडगाव तुमच्याच तालुक्यातलं. तिकडचं पाणी खारं असतं का गं?”

मी म्हटलं, कुठेकुठे असतं. एवढंच बोलले. पण माझ्या ध्यानात आलं की हिचं तिसरं वर्ष होणार की नाही, ते आता एका कादंबरीवर अवलंबून आहे, आणि ती कादंबरी आख्ख्या शिरूरमध्ये कुणीही वाचलेली नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात तिची एक प्रत होती. जाड होती. वर्गप्रतिनिधीनं ती आपल्या कार्डावर काढली आणि आम्ही सगळे सायकल स्टँडमागच्या लिंबाखाली जमलो. वर्गप्रतिनिधी कारेगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, तोंडानं पक्का. त्यानं पुस्तक हातावर तोलून बघितलं.

“येवढं एकट्यानं काढायचं म्हटलं तर पुढची दिवाळी येईल. आपल्याकडं खुरपणीला माणसं मिळंनात की काय करतो आपण?”

“सावड,” तिघे-चौघे एकदम म्हणाले.

मला सावड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मैत्रिणीनं कानात सांगितलं: आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त काम करायचं. वर्गप्रतिनिधीनं योजना सांगितली. पुस्तकाचे वाटे करायचे. ज्याच्या वाट्याला जो तुकडा येईल तो त्यानं वाचायचा आणि ठरल्या दिवशी सगळ्यांना मराठीत सांगायचा. म्हणजे प्रत्येकानं थोडं वाचायचं आणि आख्खं पुस्तक सगळ्यांचं होणार. एवढं बोलून त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि पुस्तकाच्या कण्यावरची शिवण उसवली. एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, सुटे झाले, पाटावर मांडलेल्या वाट्यांसारखे. माझ्या शाळेत पुस्तकाचं पान दुमडलं तरी सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माझ्या मांडीवर दोन फर्मे होते.

“मला दोन का?” मी विचारलं.

“तुझी बैलं चांगली हायेत,” वर्गप्रतिनिधी म्हणाला. “मधलं रान लय कठीण हाय. कोर्टाचं हाय. ते तुझ्याशिवाय कुणाला नांगरायचं न्हाई.”

शेवटचा फर्मा मैत्रिणीला आला. तिनं तो मागून घेतला. “शेवट सांगायला माझ्याकडं या,” ती म्हणाली. सावडीत ज्याच्या रानात काम संपतं तो सगळ्यांना जेवू घालतो, असा रिवाज होता.

त्यानंतर दर शनिवारी लिंबाखाली कादंबरी सांगितली जाऊ लागली. गोष्ट एका इंग्रज बाईची होती. तिचा नवरा मरतो. मागे नदीकाठची पाणचक्की उरते, पाण्याच्या जोरावर फिरणारी पिठाची गिरण. नदीच्या वरच्या अंगाला दिराची जमीन असते. दीर पाणी अडवतो. गिरण बंद पडते. मग गाव, नातेवाईक, पाद्री, वकील सगळे मिळून बाईला सांगायला लागतात की कागदावर सही कर, गिरण दिराच्या नावावर कर, तुझं बरं होईल.

पहिला फर्मा सांगून झाला. मग मागून कुणीतरी म्हणालं, “ह्ये इंग्रजीय? आमच्या भावकीत चालू हाय की ह्ये.”

त्या दिवसापासून कादंबरीला पाय फुटले. इंग्लंडातल्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आला. चर्चमधल्या सभेची ग्रामसभा झाली. दिराला वर्गातले सगळे ‘पाटील’ म्हणू लागले. पाण्याच्या भांडणाचा फर्मा ज्याच्याकडे होता त्यानं काटकीनं मातीत नकाशा काढून दाखवला आणि कुणाची पाळी कधी, यावरून लिंबाखाली खरोखरचं भांडण झालं. बाईची बाजू घेणारे दोघे आणि दिराची बाजू घेणारे दोघे आठवडाभर एका बाकावर बसले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी कोर्टाचं प्रकरण सांगितलं. इतका वेळ सलग मराठीत मी त्याआधी कधी बोलले नव्हते. पण कुणी हसलं नाही. त्यांना फक्त पुढची तारीख कधीची पडली, ते हवं होतं.

एका शनिवारी सर स्कूटर काढायला आले आणि आम्हाला घोळक्यानं बसलेलं पाहून थांबले. त्यांना निवडणुकीचं काहीतरी शिजत असावं असं वाटलं असणार. वर्गप्रतिनिधी उठला. “सर, नेमलेलं पुस्तक वाचतोय.” सरांचा चेहरा क्षणभर असा झाला की जणू त्यांची सगळी वर्षं सार्थकी लागली. “चालू द्या, चालू द्या,” म्हणत ते पायरीवर टेकले आणि बराच वेळ ऐकत राहिले. सोमवारी त्यांच्या खिशातून पुन्हा कागद निघाले. नोट्स सुरू झाल्या. स्वल्पविराम परत आले. पाण्याच्या पाळीला त्यांनी भारदस्त इंग्रजी शब्द शोधून काढला होता एवढंच. बाकी सगळं लिंबाखालचं होतं, कोल्हापुरी बंधाऱ्यासकट. आम्ही सरांना सांगत होतो, सर आम्हाला सांगत होते, आणि आम्ही ते खाली मान घालून लिहून घेत होतो.

शेवटच्या फर्म्याला आम्ही मैत्रिणीच्या वस्तीवर गेलो. हुरड्याचे दिवस होते. रविवार होता. घोड नदीच्या काठालगतच्या रानात आगटी पेटवलेली होती आणि तिची आई गरम कणसं हातावर चोळून दाणे काढून देत होती. खोबऱ्याची चटणी होती, गूळ होता. मैत्रीण येता येता बांधापलीकडे हात करून सांगत होती, “तिकडं उकरलं तर जुन्या काळची माणसं सापडली म्हणं, भांड्याकुंड्यांसकट. पुण्यासनं साहेब लोक येऊन खापरं घेऊन गेले. आमच्या गावात काय बी हरवत न्हाई, फक्त वर यायला वेळ लागतो.”

आप्पा बाजेवर बसलेले होते. पांढरी टोपी, पायात नवी पायताणं. त्यांनी आम्हा सगळ्यांना गाव विचारलं, गावावरून माणसं विचारली, माणसांवरून सोयरीक काढली. माझ्या बाबतीत दौंड आणि वीज मंडळ एवढ्यावरच त्यांना थांबावं लागलं. मग ते म्हणाले, “हां, सांगा आता. काय शिकवत्यात कालेजात, ऐकू द्या आमाला बी.”

मैत्रीण उभी राहिली. तिच्या हातात फर्मा होता, पण तो तिनं उघडला नाही. आधीचं थोडक्यात सांगितलं: बाई, गिरण, दीर, पाणी, कागद. ते ऐकता ऐकता मला एकदम अवघडल्यासारखं झालं. लिंबाखाली ही गोष्ट इंग्लंडातली होती. इथे तिच्यासमोर नवरा गेलेली एक बाई कणसं चोळत बसली होती आणि बाजेवर तिचा दीर होता. हे बाकीच्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते हुरडा खात होते. तिच्या आईचे हात मात्र थांबले होते.

“मग शेवटी,” मैत्रीण म्हणाली, “त्या बाईनं विचार केला. दिराला घरी बोलावलं. म्हणाली, तुम्ही थोरलं हाय. गिरण तुमची, पाणी तुमचं. मला मानानं घरात ऱ्हाऊ द्या. आन् सही केली. मग सगळे मिळून जेवले.”

आगटीत कणीस तडतडलं. आप्पांनी मांडीवर थाप मारली. “शाब्बास! म्हंजी इंग्रजांत बी समजूत असती म्हणायची. चांगलं पुस्तक हाय. शिकवू द्या.”

वर्गातल्या बाईच्या बाजूच्या दोघांची तोंडं पडली. दिराच्या बाजूचे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तिची आई उठली आणि चुलीवरच्या भाकरीच्या तव्याकडे गेली.

निघताना मैत्रिणीनं तो फर्मा माझ्याकडे दिला, वर्गप्रतिनिधीला पोचवायला. मी एसटीत खिडकीशी बसून तो उघडला. एकतर मला शेवट सोडवत नाही, आणि दुसरं म्हणजे माझे दोन फर्मे कोर्टात लढलेली बाई एका जेवणावर कशी मानली, हे मला कळत नव्हतं. घर येईपर्यंत वाचून झालं. बाई सही करत नाही. कागद येतो, लोक जमतात, आणि ती दौत बंद करून बाहेर जाते, स्वतःच्या हातानं दिरानं अडवलेल्या पाण्याचं दार उचलते आणि गिरण फिरायला लागते. गिरणीच्या आवाजात पुढे कोण काय म्हणालं, ते कुणालाच ऐकू येत नाही. पुस्तक तिथे संपतं.

सोमवारी मी मैत्रिणीला गाठलं. “अगं, तू काय सांगितलंस?”

ती शांत होती. “घरात उभं ऱ्हाऊन सांगायची होती ना. तुझ्या घरी सांगायची असती तर खरी सांगितली असती.”

“आणि वर्ग?”

“वर्गाला आज सांगते की.”

पण त्या दिवशी सर वेळेवर आले आणि त्यांनी शेवट आधीच मिळवला होता. वर्गप्रतिनिधीनं सकाळीच स्टँडवर त्यांना सांगितला होता. दोन तास सर शेवट लिहून देत होते. बाईचं मनपरिवर्तन, कुटुंबसंस्थेचा विजय, शेवटच्या सहभोजनाचं प्रतीकात्मक महत्त्व. सहभोजनावर त्यांनी एक वेगळा परिच्छेद दिला. तास संपल्यावर मैत्रिणीनं लिंबाखाली सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

मग वर्गप्रतिनिधीनं आपली वही उघडून बघितली, पानं मोजल्यासारखी उलटली आणि बंद केली. “आता लिहून झालंय. कोण खोडणार?”

“अरे, पण पुस्तकात तसं न्हाई,” मैत्रीण म्हणाली.

“पुस्तक कोण तपासणार हाय? पेपर सर तपासणार. सरांनी दिलंय ते सगळ्यांनी लिहायचं. आख्ख्या वर्गाला नापास करतेत का?” आणि तिची समजूत घालत म्हणाला, “अगं ताई, तूच सांगितलं की आम्हाला. तुझ्याच हातचं जेवलोय आम्ही.”

चाचणीत सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न शेवटावर आला. त्याला एक पर्याय होता, वकिलाचं स्वभावचित्र. मी पर्याय घेतला. वकील मला पाठ होता. बाकी सगळ्या वर्गानं सहभोजन लिहिलं. मैत्रिणीनं पाण्याचं दार लिहिलं.

“का?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“आप्पांपुढं सांगायचं होतं म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “पेपरात बी तेच लिहिलं तर मग मी वाचलं कशाला?”

पेपर मिळाले त्या दिवशी वर्गात सगळे पास होते. ती एकटी नापास होती. तिच्या उत्तरावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि खाली सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘मूळ पुस्तक वाचावे.’ वर सरांनी तासाची पहिली दहा मिनिटं त्यावर खर्च केली. काही विद्यार्थी मूळ पुस्तकाला हात न लावता मनाचे शेवट रचतात, ही बेजबाबदारपणाची कमाल आहे, असं ते म्हणाले. नाव घेतलं नाही. वर्गातली सगळी मुलं वहीत बघत होती. मैत्रीण फळ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, सरांना जाऊन सांग. ती नको म्हणाली. सर आणि आप्पा एकमेकांना ओळखत. सोसायटीच्या कार्यक्रमाला सर पाहुणे म्हणून जायचे. ती बोलली तर गोष्ट वस्तीवर पोचणार, आणि पुस्तकातल्या बाईनं सही केली नाही हे आप्पांना कळणार. “मग नुस्ती नापास न्हाई, खोटारडी बी,” ती म्हणाली. “त्यापेक्षा भांडगाव बरं.” आणि हसायचा प्रयत्न केला. ती हसली नसती तर मी कदाचित काहीच केलं नसतं. मला न बोलण्याची सवय होती आणि ती सवय मला आवडायची.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडेच राहिलेला शेवटचा फर्मा घेऊन स्टाफरूममध्ये गेले. त्याआधी मी सरांशी ‘येस सर’ यापलीकडे बोललेले नव्हते. ते माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलत, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणायचं ते रात्रीच पाठ केलं होतं, इंग्रजीत. तोंडातून मराठी आलं.

“सर, पुस्तक शिवायला टाकतोय. हे शेवटचं प्रकरण. टाकायच्या आधी तुम्हाला एकदा हवं होतं का?”

सरांनी आधी फर्म्याकडे बघितलं, मग उसवलेल्या दोऱ्याकडे, आणि ग्रंथालयाच्या मालमत्तेबद्दल बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर पहिल्या ओळीवर गेली. ते वाचायला लागले. पलीकडच्या टेबलावर टँकर कधी येणार यावर चर्चा चालू होती. सरांचा चहा आला. त्यावर साय धरली. मी उभीच होते. बस म्हणायचं त्यांना सुचलं नाही. शेवटच्या पानावर ते दोनदा थांबले आणि एकदा मागे गेले. मला वाटतं, त्या कादंबरीला त्यांच्याइतकं मन लावून वाचणारा वाचक शिरूरमध्ये दुसरा भेटला नाही.

“हे वर्गात सगळ्यांनी वाचलंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही सर. दोघींनी.”

त्यांनी फर्म्याच्या कडा सारख्या केल्या. आता तिघांनी, असं माझ्या मनात आलं.

“तिला पेपर घेऊन यायला सांगा,” सर म्हणाले. मग मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, “आणि यावर उगाच चर्चा नको.”

एकीला पास करायचं तर बाकी सगळ्यांना नापास करावं लागत होतं, आणि बाकी सगळ्यांनी सरांच्याच नोट्स लिहिल्या होत्या. सरांनी ही अडचण कशी सोडवली, त्याबद्दल मला अजूनही त्यांचा आदर वाटतो. पुढच्या तासाला ते जबाबदारीवर काही बोलले नाहीत. सरळ म्हणाले, “घ्या. थोर कादंबरीचा शेवट मुक्त असतो. प्रस्तुत कादंबरीचे दोन शेवट संभवतात.” आणि दोन्ही लिहून दिले. सहभोजनाचा परिच्छेद तसाच ठेवला. मैत्रिणीच्या पेपरावरची लाल रेघ गेली नाही, पण तिच्याशेजारी गुण आले.

“म्हंजी आपलं बी बरोबर!” वर्गप्रतिनिधी मागे वळून म्हणाला.

वार्षिक परीक्षेत सगळ्यांनी दोन्ही शेवट लिहिले. सगळे पास झाले. विद्यापीठात पेपर कुणी तपासले आणि त्यांनी काय वाचलं होतं, ते कळायला मार्ग नाही. पुस्तक आम्ही बाजारपेठेतल्या बाइंडरकडून शिवून घेतलं. तो दुकानदारांच्या चोपड्या बांधायचा, त्याच्याकडे लाल कापडाशिवाय दुसरं काही नव्हतं. ती इंग्रजी कादंबरी ग्रंथालयात परत गेली ती अडत दुकानातल्या चोपडीसारखी दिसत.

निकालानंतर एकदा मी दौंडच्या गाडीची वाट बघत शिरूरच्या स्टँडवर उभी होते. आप्पा बाजार समितीकडून येत होते. त्यांनी मला ओळखलं आणि थांबले.

“पास झाली आमची. भांडगावच्या लोकांना सांगितलं, अजून एक वरीस थांबायचं तर थांबा.” मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. “तुमी इंग्रजी शाळंतल्या. खरं सांगा. ती बाई सही करती का?”

“सर म्हणतात, दोन्ही शेवट संभवतात,” मी म्हटलं.

आप्पा हसले. “सर नोकरीत हाईत. मी पुस्तकाचं विचारतोय.”

माझी गाडी फलाटाला लागत होती. मला न बोलता चढता आलं असतं. पण ते उत्तरासाठी इतके नीट उभे होते, चेअरमन असूनही, की मला तसं जाता येईना. आणि त्यांनी दिलेला शब्द पाळलेला होता.

“नाही करत, आप्पा. पुस्तकात नाही करत.”

त्यांनी गाडीच्या पाटीकडे बघितलं. “मला तवाच वाटलं हुतं,” ते म्हणाले. “सहीच करायची तर येवढं जाड पुस्तक कशाला लिवलं असतं? पयल्याच पानावर केली असती.” मग टोपी काढून पुन्हा घातली. “पोरगी माझ्या तोंडाकडं बघून शेवट सांगती. म्हंजी माझ्याच तोंडात काय तरी असंल.” कंडक्टरनं घंटा मारली. मी चढले, तेव्हा ते खिडकीखाली आले. “पुढल्या वर्साला कुठलं पुस्तक हाय?”

“अजून कळलं नाही.”

“कळलं की तिला सांगा. मला पयल्यापासनं ऐकायचंय. ह्या खेपेला नुस्ता शेवट न्हाई.”

तिसऱ्या वर्षी नेमलेल्या कादंबरीचं गाईड जूनमध्येच आलं. सरांच्या खिशात कागद आले, जबाबदारी दहा मिनिटांवर आली, सावड मोडली. वर्गात मूळ पुस्तक फक्त माझ्या मैत्रिणीनं वाचलं. तिला पर्याय नव्हता. दर रविवारी सकाळी आप्पा बाजेवर बसायचे, तिची आई उंबऱ्यात बसायची, आणि हिला आठवड्याचं प्रकरण सांगावं लागायचं.

“सोडून द्यावं म्हटलं मधलं एखादं,” ती सोमवारी माझ्याकडे तक्रार करायची, “तर आई धरती. म्हणती, मागल्या रविवारी त्या बाईच्या हातात चावी हुती, ती कुठं गेली?”